कुमुदबेनच्या माश्या

कुमुदबेन पौषात गेल्या. छबीलभाईंना ते कळलं वैशाखात, अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला.

तोवर त्यांनी सगळं रीतसर पार पाडलं होतं. बेसण्याला, म्हणजे शोकबैठकीला, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने आली, हात जोडून दोन मिनिटं बसली आणि गेली. छबीलभाई ताठ बसून होते. “खंबीर माणूस,” असं लोक जिना उतरताना म्हणाले, ते त्यांनी ऐकलं आणि त्यांना बरंही वाटलं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेली. ज्याच्या येण्याच्या नुसत्या बातमीने बाजारातले तराजू सरळ व्हायचे, त्याने चारचौघांत डोळे पुसत बसणं बरं दिसत नाही. पुढे ते खिचडी करायला शिकले, कढी करायला शिकले, आणि मुलीला फोनवर “माझं मस्त चाललंय” असं म्हणायलाही शिकले.

त्या दुपारी ते ताट घेऊन बसले आणि कढीच्या वाटीच्या काठावर एक माशी येऊन बसली.

लोकांच्या घरात माश्या असतात, हे छबीलभाईंना ऐकून माहीत होतं. त्यांच्या घरात एकतीस वर्षांत ताटावर माशी बसली नव्हती. शांतिवन सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून पांजरापोळ, तिच्यात म्हाताऱ्या गाई, भाकड म्हशी, लंगडे बैल मिळून सहाशे जनावरं. तरी नाही. का नाही, असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आपला हुद्दा माश्यांनाही ठाऊक असावा, असंच काहीसं त्यांनी मनात धरलं असणार. त्यामुळे आधी त्यांना अपमान वाटला. मग सवयीने त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, “कुमुद! अगं, माशी!”

कोणी आलं नाही.

ते त्या दाराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने मान वळवली, तेव्हा कढीवर तिघी जमल्या होत्या.

त्याच संध्याकाळी तोरलचा फोन आला. तोरल त्यांची एकुलती एक मुलगी, नायरोबीला दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि सातव्या महिन्यात, आषाढ लागला की ती माहेरी यायची होती. माहेर म्हणजे आता छबीलभाई आणि एक गॅसची शेगडी.

“पप्पा, मम्मीच्या छुंद्याची बरणी संपली. बोटाने खरवडून संपवली. पोटात काही ठरत नाही हो. थेपला आणि मम्मीचा छुंदा, तेवढंच राहतं. दुकानातला आणला होता, तो उलटून पडला.”

“मी घालतो छुंदा.”



“तुम्ही?”

“कैरी, साखर, ऊन. त्यात आहे काय?”

“पप्पा, राहू द्या. जसुमासींना सांगा.”

“जसुबेन छुंद्यात लवंगा टाकतात. तू ये. बरणी तयार असेल.”

फोन ठेवल्यावर त्यांनी कुमुदबेनची वही काढली. छुंद्याचं पान साखरेच्या डागांनी चिकटलं होतं. राजापुरी कैरीचा कीस एक वाटी, साखर सव्वा वाटी, हळद, मीठ. मुरवून, पातेल्याला मलमल बांधून गच्चीत उन्हात. रोज हलवणे. दहा दिवस, एकतारी होईतो. त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं : माशी बसता कामा नये. बसली तर सगळं टाकणे.

कशी बसू द्यायची नाही, ते लिहिलं नव्हतं. छबीलभाईंनी पान उलटलं. मागे धोब्याच्या कपड्यांची यादी होती.

पहिलं पातेलं त्यांनी पाच किलो कैरीचं घातलं. सरकारी सवयीने सगळं गुंजभरही इकडेतिकडे न होऊ देता मोजलं. तिसऱ्या दिवशी हलवायला मलमल सोडली आणि डाव हातात घेईपर्यंत दोन माश्या आत. एक उडाली. दुसरी राहिली, आणि ती राहिली ती कायमची.

शेजारच्या गच्चीवरून जसुबेन कठड्यावर कोपरं टेकून बघत होत्या.

“सगळं फेकताय?”

“वहीत लिहिलंय.”

“बाई गं. पाच किलो! कुमुदबेन होत्या तेव्हा या गच्चीत माशी दिसायची नाही हो. आमच्याकडेसुद्धा नसायची.”

यातलं दुसरं वाक्य छबीलभाईंनी ऐकायला हवं होतं. पण विधुर माणसाला सल्ले इतके मिळतात की तो अर्धंच ऐकायला शिकतो. त्यातही दुर्दैव असं, की तो नेमका नको तो अर्धा असतो.

“अर्धं लिंबू कापून त्यात लवंगा खोचा,” जसुबेन म्हणाल्या. “माशी फिरकणार नाही.”

त्यांनी बारा लिंबांत लवंगा खोचल्या. माश्या लिंबावर बसून छुंद्याकडे बघू लागल्या.

मग सोसायटीचे सेक्रेटरी रमणिकभाई दोशी आले. हे पाणी तीनदा गाळून पिणारे आणि रस्त्याने चालताना सतत पायाखाली बघणारे गृहस्थ, त्यामुळे समोरून येणाऱ्या माणसाच्या अंगावर नेहमी आदळायचे. त्यांच्या कानावर आलं होतं की छबीलभाई बाजारात चिकट कागदाची चौकशी करत होते.

“मारायचं नाही हं, छबीलभाई. माशी चतुरिंद्रिय जीव आहे. आपल्याहून एकच इंद्रिय कमी तिला.”

“मला तर वाटतं, एखादं जास्तच असेल.”

“थट्टा नको. कुमुदबेनच्या आत्म्याला काय वाटेल? हाकला, अगदी खुशाल हाकला. वासाने हाकला. त्यात पाप नाही.”

छबीलभाईंनी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. माश्या आठ नंबरला, जसुबेनकडे गेल्या. जसुबेननी कापूर जाळला. माश्या नऊ नंबरला गेल्या, तिथल्या मंडळींनी गवती चहाचं तेल शिंपडलं. बारा नंबरला रमणिकभाईंनी दारा-खिडक्यांत निलगिरीचे बोळे ठेवले. तोवर सात नंबरचा धूर विरलेला असायचा, म्हणून माश्या परत छबीलभाईंकडे. आठवडाभर सोसायटीतली एकूण एक माशी रोज सगळ्यांकडे जेवून घरी यायची. माणसांना मात्र वरणाला निलगिरीचा आणि भाताला कापराचा वास येऊ लागला. बैठक बोलावली गेली. दीड तासाच्या चर्चेनंतर ठराव झाला, की सभासदांनी माश्या हाकलताना त्या पूर्वेकडे हाकलाव्यात, कारण पश्चिमेकडे सभासदांची घरं आहेत. ठरावावर छबीलभाईंनीही सही केली. खिन्नपणे सही करण्याची त्यांना खात्यातली सवय होती.

ते नगरपालिकेतही गेले. आरोग्याच्या टेबलावरच्या माणसाने अर्ज पूर्ण वाचला, हे विशेष.

“माशी कुठली?”

“पांजरापोळेतली.”

“मग ती ग्रामपंचायत. भिंतीपलीकडे आपली हद्द नाही, काका.”

“पण ती जेवायला तुमच्या हद्दीत येते!”

“जेवायला कुठेही जाऊ दे. राहायला कुठे असते ते बघावं लागतं.”

अशी उत्तरं छबीलभाईंनी स्वतः चौतीस वर्षं दिली होती. उत्तर चांगलं होतं, हे त्यांना कळलं, आणि म्हणूनच घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली राहिली.

शेवटी जसुबेनच्या जावयाच्या ओळखीने डॉ. वाघासिया आले. जनावरांच्या कॉलेजात ते माश्यांवर संशोधन करत होते. बावीस वर्षं तेच करत असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. त्यांनी गच्ची पाहिली, धूर पाहिला, लवंगा पाहिल्या.

“हे सगळं खरं आहे,” ते म्हणाले. “कापूर, लवंग, गवती चहा, निलगिरी, सगळ्यांचा वास माशीला नकोसा होतो. पण साहेब, वासाने माशी ताटावरून उठते, जगातून उठत नाही. ओल्या शेणात एक मादी एका वेळेला शंभराच्या वर अंडी घालते. या उन्हात दहा दिवसांत त्यांच्या माश्या. तुम्ही वरून वारा घालताय आणि खाली कारखाना चालू आहे.”

“मग करायचं काय?”

“शेण ओलं राहू द्यायचं नाही.”

“सहाशे जनावरांचं?”

डॉक्टर खांदे उडवून चहा प्यायले. जाताना त्यांनी छबीलभाईंना एक लाकडी पट्ट्यांची जाळी दिली. ती जमिनीवर ठेवायची, अर्ध्या मिनिटात तिच्यावर किती माश्या बसतात ते मोजायचं. अर्ध्या मिनिटाची ही मोजणी छबीलभाईंना फार आवडली. शेणाचं बोलणं ते त्याच संध्याकाळी विसरले. गच्चीवर सकाळी एक्केचाळीस, दुपारी अडतीस, असे आकडे त्यांनी वहीत मांडले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या हातात काहीतरी मोजण्यासारखं आलं होतं.

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. ती दुसऱ्या मुलखात कोणाला सुचली नसती.

छबीलभाईंच्या मुलखात माणूस गेलं की त्याच्या नावाने मुंग्यांना खाऊ घालतात. नारळाला भोक पाडून त्यात पीठ, गूळ, तूप, तीळ भरायचे आणि तो रानात वारुळाशी पुरून यायचं. छबीलभाई कुमुदबेनच्या नावाने फाल्गुनात ते करून आले होते. आता त्यांच्या मनात आलं, मुंगीला घालतो तर माशीला का नको? सोसायटीच्या टोकाला, पांजरापोळेच्या भिंतीशी, गूळपाण्याच्या आणि पिकल्या केळ्याच्या वाट्या मांडायच्या. माश्या तिथे जेवतील. गच्चीत येतील कशाला? जीव मारायला नको, हाकलायला नको, पुण्य वेगळंच.

रमणिकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “छबीलभाई, हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?”

त्याचं कारण पुढे सगळ्यांनाच कळलं.

चबुतऱ्यासारखा एक बुटका ओटा बांधला. वर वाट्या, मागे फरशीचा फलक : ‘स्व. कुमुदबेन छबीलदास मणियार यांच्या स्मरणार्थ मक्षिका-सेवा’. उद्घाटनाला गूळतुपाची सुखडी वाटली. पहिल्या वाटीत गूळपाणी छबीलभाईंनी स्वतःच्या हाताने ओतलं. फलकावरचं नाव त्यांनी वाचलं, पण लोक होते, म्हणून लगेच दुसरी वाटी भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी गच्चीवरच्या जाळीवर सहा माश्या. एक्केचाळिसावरून सहा! त्यांनी दुसरं पातेलं घातलं, आणि त्याला रंग येताच नायरोबीला आपणहून फोन केला.

“किती दिवस झाले उन्हात?” तोरलने विचारलं.

“तिसरा. रंग आलाय.”

“मम्मीसारखा?”

“मध घालून ठेवावा तसा.”

ती म्हणाली, “पप्पा, थोडा चाखून बघा ना. मीठ बरोबर आहे?” त्यांनी चाखला. मीठ बरोबर होतं. ते सांगताना त्यांचा आवाज असा लागला की तिला वाटलं, फोन बिघडला.

इथे थांबायला हवं होतं. पण चांगली गोष्ट एका माणसापुरती ठेवायची, हे शांतिवन सोसायटीच्या स्वभावात नव्हतं. जसुबेननी सासऱ्यांच्या नावाने दूधपाक ठेवला, कारण सासऱ्यांना दूधपाक आवडायचा. कोणी आईच्या नावाने अर्धं कलिंगड ठेवलं, कोणी थोरल्या भावाच्या नावाने श्रीखंड. उरलेला आमरस आता कोणी शिळा झाला म्हणून टाकत नव्हतं, तो आजोबांच्या नावे जमा होत होता. ओट्याभोवतीची माती गोड चिखलाची झाली, आणि त्या चिखलाला भिंतीखालून झिरपणारं पांजरापोळेचं ओलं शेण येऊन मिळालं. डॉ. वाघासियांनी कारखाना म्हटलं होतं. सोसायटीने त्याच्या दाराशी खानावळ काढली.

अकराव्या दिवशी सकाळी छबीलभाईंनी जाळी ठेवली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटाने मोजायला गेले तर जाळी दिसत नव्हती. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आकड्याच्या रकान्यात कधी शब्द लिहिला नव्हता. त्या दिवशी ‘असंख्य’ लिहिला.

दुसरं पातेलं गेलं.

माश्यांना कसलंतरी नाव लागतंच. सोसायटीच्या टोकाला, एका बाईच्या नावाखाली त्या जन्मल्या होत्या. दूधवाला कॅन झाकत म्हणायचा, “आज कुमुदबेनच्या फार आहेत.” भाजीवाली पदराने टोपली वारायची, “या कुमुदबेनवाल्यांनी जीव खाल्ला.” एका दुपारी छबीलभाई गच्चीत उभे असताना खाली जसुबेन सुनेवर ओरडल्या, “अगं दार लाव! कुमुदबेन घरात शिरतायत!”

मग जसुबेननी वर पाहिलं.

“मी... छबीलभाई, मी माशीला म्हटलं हो.”

“समजलं,” छबीलभाई म्हणाले, आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. जिने एकतीस वर्षं ताटावर माशी बसू दिली नाही, तिला नवऱ्याने पाच महिन्यांत माशी करून ठेवलं होतं. फरशीवर कोरून, सुखडी वाटून.

ज्येष्ठ लागता लागता आणखी एक जात आली. जाड, हिरवी-निळी, चकचकीत, सोनाराकडून थेट आल्यासारखी, आणि आवाज स्कूटरचा. डॉ. वाघासियांनी फोनवरच सांगितलं, “ही शेणावरची नव्हे. ही मांसावर येते.”

मांस हा शब्द शांतिवन सोसायटीत तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. तातडीची बैठक बसली. सगळ्यांच्या माना नऊ नंबरमधल्या भाडेकरूकडे वळल्या. हे मुखर्जी, बँकेत बदली होऊन आलेले.

“आमच्याकडे बघू नका,” मुखर्जी म्हणाले. “दोन वर्षं झाली, मासा आता माझ्या स्वप्नातसुद्धा येत नाही. बायको म्हणते तुम्ही झोपेत मेथी मागता.”

तरी त्यांचा फ्रीज उघडून पाहिला. पाहून झाल्यावर रमणिकभाईंनी त्यांची क्षमा मागितली. मुखर्जींनी क्षमा केली आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाशी बोलणं सोडलं. खरी गोष्ट दोन दिवसांनी वासावरून सापडली. गुळाला आलेली एक भली मोठी घूस ओट्याच्या पोकळीत अडकून मेली होती. फलकाच्या बरोबर खाली.

पुन्हा बैठक झाली नाही. रमणिकभाई नुसते दारात येऊन म्हणाले, “छबीलभाई, तो फलक... तुमची भावना आम्हाला समजते. पण.”

ते पायाखाली बघत गेले आणि फाटकावर आदळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे छबीलभाई छिन्नी-हातोडी घेऊन गेले. कोणी बघायच्या आत काढायचा होता. उजाडलं नव्हतं, माश्या अजून झोपलेल्या होत्या. भिंतीतल्या दिंडीदारातून एक म्हातारी डोक्यावर रिकामी पाटी घेऊन आली. ती पांजरापोळेत शेण काढणारी राजीबेन, हे त्यांना नंतर कळलं.

“साहेब ना तुम्ही? कुमुदबेनचे?”

छबीलभाईंनी मान हलवली. एका टवक्याबरोबर ‘स्व.’ निखळून पडलं होतं.

“मला वाचता येत नाही. काय लिहिलंय त्यावर?”

“तिचं नाव.”

“हां,” म्हातारी म्हणाली आणि पाटी खाली ठेवून उकिडवी बसली. “मग काढता कशाला? त्यांची जागा आहे ती. रोज इथंच उभ्या राहायच्या. मी इथं कामाला लागले तेव्हापासून.”

“कोण?”

“आता कोण! कुमुदबेन. पावणेसहाला. थर्मासात चहा आणायच्या आम्हा चौघींना. मग ऊन चढायच्या आत ओला ढीग फोडायला लावायच्या, पातळ पसरायला, रोटल्यासारखा. स्वतः पण फावडं घ्यायच्या, ऐकायच्या नाहीत. भिंतीच्या कडेला निंबोळीची पेंड आणि राख टाकायच्या. मॅनेजरशी तर असं भांडायच्या! म्हणायच्या, माझ्या माहेरी चाळीस गाई होत्या, मला शेण शिकवू नका. शेण दिवसात वाळलं की किडा धरत नाही बघा.”

छबीलभाईंनी हातोडा ओट्यावर ठेवला.

कुमुदबेन रोज पहाटे देरासरला, जैन मंदिरात, जायच्या. निदान छबीलभाई तसं समजत होते. त्या सव्वासातला परतायच्या, बाहेरच्या नळावर हातपाय धुवायच्या, मग चहा टाकायच्या. तो चहा साडेसातला व्हायचा आणि रोज अर्धा तास उशिरा व्हायचा. “तुझ्या देवाला कमी ऐकू येतं का गं? एवढा वेळ काय सांगत असतेस?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यावर त्या हसायच्या आणि म्हणायच्या, “गर्दी होती आज.” तराजूतली दोन ग्रॅमची खोट दुकानाच्या पायरीवरून ओळखणाऱ्या माणसाला, देवदर्शनाहून आलेली बायको कोपरापर्यंत हात का धुते, असं एकतीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलं तुम्ही?” ते म्हणाले. आवाज जरा खात्यातला लागला.

“कसं सांगणार? दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी पण आल्या होत्या. म्हणाल्या, राजी, मी नसले तर साहेबांना सांग. मी म्हटलं, मी कशी सांगू? ते मोठे वजनमापाचे साहेब, त्यांना शेणाचं सांगू? त्या म्हणाल्या, मग राहू दे, त्यांचे ते बघतील.” म्हातारीने पाटी उचलली. “त्यानंतर ढिगाला कोणी हात लावला नाही. आम्हालाही कोणी म्हटलं नाही. आम्ही तरी बिनाचहाचं किती करणार, साहेब?”

आता छबीलभाई पावणेसहाला जातात. थर्मास कुमुदबेनचाच आहे. पहिल्या दिवशी ते चहात साखर घालायला विसरले आणि चौघींनी तो न बोलता प्यायला. फावडं धरता येत नाही, यावरून राजीबेन त्यांना हसते. पसरायला सांगितलं की ते गोवऱ्या थापल्यासारखे मोजून मोजून चौकोन करतात. मॅनेजर “तुम्ही कोणत्या अधिकाराने?” असं विचारतो आणि पूर्वी हा प्रश्न आपला होता, हे त्यांना आठवतं. जाळीवरचा आकडा पंधरा दिवसांत असंख्यवरून बावन्नवर आला, मग तेहतिसावर. खाली उतरतोय, पण सावकाश. तोवर बाजारातून राजापुरी गेली आणि ऊनही गेलं.

आषाढात तोरल आली. जसुबेननी दिलेला लवंगांचा छुंदा तिने थेपल्याबरोबर दोन घास खाल्ला आणि “छान आहे” म्हणाली. मग उठून मोरीत गेली. छबीलभाई दाराबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

तोंड पुसत ती बाहेर आली. “पप्पा, सकाळी कुठे जाता तुम्ही? जसुमासी म्हणाल्या, देरासरला.”

“हो.”

“इतका वेळ?”

“गर्दी असते,” छबीलभाई म्हणाले.

फलक जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलाय. त्याचा वरचा कोपरा फुटलाय. पांजरापोळेत भिंतीलगतचा पश्चिमेकडचा ढीग अजून फोडायचा राहिलाय, निंबोळीची पेंड संपत आलीये. छुंदा झालेला नाही.